पिवळा मला शोभत नाही

रविवार, ३ मार्च २०२४

मायराचं ठरलं. म्हणजे तिचं तिनेच ठरवलं आणि आम्हाला कळवलं. काल दोघं लंडनहून आली, जेवली, आणि डब्यातला आमरस संपता संपता नकुलने सांगून टाकलं की ऑगस्टमध्ये लग्न आणि सप्टेंबरमध्ये दोघं न्यू जर्सीला. त्याची इथली दोन वर्षांची बदली संपते आहे. अतुलने, तिच्या बाबाने, उठून त्याला मिठी मारली. मी वाट्या उचलल्या.

मुलगा वाईट नाही. मराठी घरातला आहे, मराठी समजतं, जेवताना दुसऱ्याला वाढतो. पण जेवणाच्या टेबलावर डोक्यावर टोपी, तीही त्यांच्या बेसबॉलची, आणि छातीवर विद्यापीठाचं नाव वीतभर अक्षरांत. शिकलेल्या माणसाला ते अंगावर लिहून का फिरावं लागतं? इथे कॉव्हेंट्रीत आमच्या गल्लीत एक निवृत्त प्रोफेसर राहतात, त्यांच्या स्वेटरला दोन्ही कोपरांवर ठिगळं आहेत, आणि त्यांच्याकडे बघून कळतं की हे कोणीतरी आहेत.

या बाबतीत मला बोलायचा अधिकार आहे. बावीस वर्षं मी इथल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये बायकांच्या कपड्यांच्या मजल्यावर उभी राहिले, शेवटची अकरा वर्षं नवरीच्या आयांसाठी असलेल्या काउंटरवर. दुकान बंद होईपर्यंत होते. किती आया माझ्या हाताखालून गेल्या असतील. प्रत्येकीला मी एकच सांगायची, कपडा आधी दिसता कामा नये. तो दिसला की चुकलं.

एकुलती एक मुलगी आहे. साता समुद्रापार जाते आहे ती जावो, पण मांडवात उभी राहील तेव्हा बघणाऱ्याला कळलं पाहिजे की ही मधुमतीची मुलगी. तेवढंच मला हवं आहे.

१९९१ला इथे आल्यापासून दरवर्षी एक, अशी ही चौतिसावी वही. आधीच्या लॉफ्टमध्ये बुटांच्या खोक्यांत आहेत. मी त्या कधी उघडत नाही. काय झालं ते मला सगळं पाठ आहे.


रविवार, १७ मार्च

विहीणबाईंशी व्हिडिओवर पहिली भेट. सुनेत्रा नाव, मूळची दादरची, अठ्ठावीस वर्षं अमेरिकेत. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल, दिसते दहाने. केस पार्लरमधून आत्ता आल्यासारखे. मागे मिलिंदराव हात हलवून गेले.

नमस्कार व्हायच्या आत म्हणाली, "मधुमतीताई, ओ माय गॉड, आय लव्ह युअर कार्डिगन!"

मी म्हटलं, "हे होय? जुनंच आहे हो. सेलमधलं."

इथे असंच असतं. कुणी कपड्याचं कौतुक केलं की आपण त्याला नावं ठेवायची, मग समोरचीने आपल्या कपड्याला ठेवायची, आणि मग दोघींना चहा घ्यायला बरं वाटतं. आपल्याकडेही ह्याहून फार वेगळं नाही. पण ही बाई खरोखर हळहळली. "ऑऽ," म्हणाली. "मग आता लग्नासाठी तरी स्वतःला स्पॉइल करा! मी आले की आपण दोघी शॉपिंगला जाऊ, माय ट्रीट."

ते कार्डिगन काश्मिरी लोकरीचं आहे. माझ्याकडे त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. आता हे सांगायचं कसं?


रविवार, ७ एप्रिल

लग्नाची वेबसाइट झाली म्हणून मायराने दाखवली. हळदीला सगळ्यांनी पिवळं. संगीताला पाचू आणि राणी. लग्नाला पोवळ्याचा रंग आणि 'शॅम्पेन'. प्रत्येक रंगाचा चौकोन काढून दिलेला, की पाहुण्यांनी चुकू नये. नवरीच्या मैत्रिणी एकसारख्या, नवऱ्याचे मित्र एकसारखे. शाळेच्या गॅदरिंगला असायचं तसं.

म्हटलं, "इथे लोकांना काय घाला हे सांगणं बरं दिसत नाही, मायरा. जॅनेटला मी कुठल्या तोंडाने सांगू की पोवळ्याच्या रंगाचं घालून ये?"

"आई, जॅनेटला आवडेल. एव्हरीवन लाइक्स बीइंग टोल्ड." जॅनेट म्हणजे दुकानातली माझी मैत्रीण.

"आणि मी काय घालायचं?"

"तुला जे हवा ते." मग थोडं थांबून म्हणाली, "बट समथिंग हॅपी, प्लीज."

मी काय आजवर सुतक पाळत होते? आणि हे सगळं श्रावणात. हॉटेल मोकळं आहे तोच मुहूर्त, सांगलीच्या नातेवाइकांना कळवायची सोय नाही.


शनिवार, ११ मे

व्याही-विहीण पहिल्यांदा घरी येऊन गेले.

मी दोन दिवस घासूनपुसून ठेवलं होतं. चांगल्या कपबश्या काढल्या, करंज्या केल्या. नेव्ही ड्रेस, मोती, पायात टाचेचे साधे काळे बूट. दार उघडते तर विहीणबाई व्यायामाच्या चड्डीत! म्हणजे लेगिंग्ज, वर सैल स्वेटशर्ट, पांढरेशुभ्र कॅनव्हाससारखे बूट. व्याह्यांच्या दारात पहिलं पाऊल, आणि जिममधून निघाल्यासारखी. आली, गळ्यात पडली, म्हणाली, "सॉरी हं, आम्ही एकदम कम्फर्टेबल आलोय. फॅमिलीच ना."

हे मला कळत नाही. लग्नाला पाहुण्यांच्या रंगाची यादी देणार, आणि व्याह्यांकडे येताना मुलखाचं गबाळं. इथे उलट आहे. रोजचं नीट, आणि मोठ्या दिवशीही रोजच्याहून थोडंसंच जास्त.

तरी बाई बोलायला मोकळी आहे. करंज्या तीन खाल्ल्या, चौथी बांधून मागितली. अतुलचं आणि मिलिंदरावांचं क्रिकेटवर जमलं. मी मनात म्हटलं, निभेल.

आणि संध्याकाळी हॉटेलवरून पार्सल आलं. आत अतुलसाठी नवा स्वेटर, निळाभोर, छातीवर छोटा घोडा. चिठ्ठीत 'विथ लव्ह'. झालं असं की अतुलने आज त्याचा तो हिरवा लँब्सवूलचा स्वेटर घातला होता, मी दोन्ही कोपरांना रफू केलेला. एकोणीस वर्षं जपलाय मी तो. आमच्या प्रोफेसरांनी एकदा रस्त्यात थांबून त्या रफूचं कौतुक केलं होतं. त्या बाईला वाटलं, ह्यांना घ्यायला परवडत नाही.

अतुल घालून आरशात बघत होता. म्हणाला, "मऊ आहे गं." मी हिरवा उचलला आणि घडी करून कपाटात ठेवला.


शनिवार, १५ जून

विहिणीच्या मानाची साडी घ्यायला मायराबरोबर लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडवर गेले. बाकी काही त्यांच्या मनासारखं होवो, विहिणीचा मान आपल्या पद्धतीने झाला पाहिजे. तिच्या ओटीत साडी घालायची ती मी निवडणार.

तीन दुकानं झाली. चौथ्यात मनासारखी मिळाली. पारव्याच्या रंगाची रेशमी, काठ इतका बारीक चंदेरी की हातात घेतल्याशिवाय दिसत नाही. कपड्यातलं कळणाऱ्या बाईने हात फिरवला की तिला कळेल, हिने आपल्याला काय दिलंय ते. दुकानदारही म्हणाला, ही आमच्याकडे कुणी मागत नाही, ओळखणारी गिऱ्हाइकं कमी. मायरा म्हणाली, "आई, इट्स ग्रे."

"पारवा."

"सुनेत्रामावशीला वाटेल कोणीतरी गेला."

मावशी! तीन महिन्यांत मावशी झाली.

मग तिने एक साडी ओढून माझ्या खांद्यावर टाकली. हळदीसारखी पिवळी, काठ हिरवा, चांगला चार बोटं रुंद. आरशाकडे वळवलं मला. "हा घे ना आई. तुझ्यासाठी. लग्नात हा घाल."

म्हटलं, "पिवळा मला शोभत नाही."

"हू सेज?"

"तूच म्हणाली होतीस." ती आरशातून माझ्याकडे वळली. म्हणाली, "मी म्हटलं? कधी?" मी म्हटलं, जाऊ दे, लहान होतीस. साडी मी घडी करून परत ठेवली.

ती विसरली असेल, मी नाही विसरले. तिचा पाचवा वाढदिवस होता. मी सांगलीहून आणलेली पिवळी इरकल नेसून शाळेच्या फाटकाशी गेले होते, वर्गातल्या मुलांना पेढे घेऊन. घरी आल्यावर म्हणाली, आई, असं घालून येऊ नकोस, मला लाज वाटते. पाच वर्षांचं पोर. त्यानंतर मंडळाची दिवाळी सोडली तर या देशात साडी नेसून मी रस्त्यावर पाऊल टाकलेलं नाही. तिला खाली बघायला लागू नये म्हणून सगळं शिकले. कुठला कोट, कुठले मोजे, किती टाच. पुढच्याच वर्षी दुकानात लागले. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. चार-पाच वेळा निघालं असेल बोलण्यात, तेवढंच.

गाडीत येऊन बसले तरी मायराचा पत्ता नाही. दहा मिनिटांनी आली. पर्स विसरली होती म्हणे दुकानात. नेहमीचा वेंधळेपणा. पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि घरापर्यंत गाणी लावून बसली.


गुरुवार, १८ जुलै

न्यू जर्सीहून खोकं आलं. त्यात सॅटिनचा झगा, पोवळ्याच्या रंगाचा. लग्नाच्या सकाळी नवरी, तिच्या मैत्रिणी आणि दोन्ही आया असे झगे घालून बसतात आणि केस करताना त्यांचे फोटो काढतात. न्हाणीघरातून निघाल्याचे फोटो! बाकीच्यांच्या पाठीवर काय काय इंग्रजीत लिहिलं आहे ते मायराने फोनवर दाखवलं. माझ्या पाठीवर चमकीने 'आई' लिहिलेलं. मराठीत. मायरा म्हणाली, हे करून घ्यायला सुनेत्राला तीन वेळा परत पाठवावं लागलं, दरवेळी 'ई'ची 'इ' करत होते.

जॅनेट आली होती. तिला दाखवला. तिने झगा बोटाने उचलला आणि म्हणाली, "वेल. दे मीन वेल, डोन्ट दे?" मग माझी लग्नातली साडी पाहिली, करड्या झाकेची टसर. "व्हेरी सेन्सिबल," म्हणाली. जॅनेटकडून ही पावती म्हणजे डोळे मिटून घ्यावी.

झगा पिशवीतच ठेवला आहे.


रविवार, २५ ऑगस्ट

काल लग्न झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी नवरीच्या खोलीत गेले. झगा घातला नाही. नेव्ही ड्रेस घातला, साडी नंतर नेसणार होते. मायराने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं. सुनेत्रा झग्यात, दोन्ही बाजूंना मुली, हसणं, खिदळणं. मी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. फोटोग्राफर त्यांनी अमेरिकेहून आणलेली. ती माझ्याकडे वळून अदबीने म्हणाली, की पाण्याच्या आणखी दोन बाटल्या मिळतील का, आणि थोडा बर्फ. हॉटेलातल्या बायकांचा गणवेश नेव्ही होता हे नंतर माझ्या लक्षात आलं.

आणून दिल्या. भांडत कोण बसणार? बर्फही आणला. मायराचे केस वर बांधत होते, तिला मान वळवता येत नव्हती, तिला दिसलं नसावं. तिच्या ब्लाऊजची मागची बारीक बटणं सुनेत्राने लावली. मी उठेपर्यंत तिने लावून टाकली होती.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, सगळं नीट झालं. मायरा पोवळ्याच्या रंगाच्या शालूत होती, कपाळाला मुंडावळ्या. सुंदर दिसत होती, आणि इतकी दिसत होती की मला खाली बघावंसं वाटलं. सगळ्या हॉलभर रंगच रंग. जॅनेटसुद्धा पोवळ्याच्या रंगाचा झगमगीत ड्रेस आणि त्याच रंगाची हॅट घालून आलेली! मला म्हणाली, "वेल, दे डिड आस्क." मला एकटीला सेन्सिबल राहायला सांगून.

मग विहिणीचा मान. मी सुनेत्राला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, साडी दिली. तिने तिथेच उघडली. आपल्यात घरी जाऊन उघडतात, इथेही तसंच, पण त्यांच्यात समोर उघडून आनंद करायची पद्धत आहे. उघडली आणि घडी उलटसुलट करून पाहिली. मग मोठ्याने, "सो एलिगंट!" आणि माझ्या गळ्यात पडली. घडी तिच्या बहिणीच्या हातात गेली, ती हळूच म्हणाली, "अगं, अशी तर कुणी गेल्यावर भेटायला जाताना नेसतात." तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

पारवा रंग, हजारात एक साडी. त्यांच्या डोळ्यांना चमकीशिवाय काही दिसतच नसेल तर मी काय करू?

त्यांनी मला दिली ती उघडली. पिवळी. काठ हिरवा, चार बोटं रुंद. अगदी बेलग्रेव्ह रोडवरच्यासारखी. अमेरिकेत बसून नेमकी हीच कशी सापडली कोण जाणे. भडक ते त्यांना आपोआप सापडतं. सुनेत्रा म्हणाली, "ताई, आत्ताच नेसा ना! ब्लाऊजपण आहे, तुमच्याच मापाचा. फोटोला थांबतो आम्ही."

तेवढ्यात मायरा उठून आली. नवरीने असं उठायचं नसतं. माझा हात धरून म्हणाली, "नेस ना आई. पाच मिनिटं. मी हेल्प करते."

मी म्हटलं, "आता कशाला? नंतर बघू." आणि साडी घडी करून खुर्चीखाली ठेवली. मायराने हात सोडला. फोटो तसाच काढला. सगळ्या पिवळ्या-लाल-हिरव्यात मी करडी, कडेला.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी नवरीने माइक घेतला. इथे बाप बोलतो, नवरा बोलतो, नवरी बसून हसते. पण त्यांच्याकडे सगळेच बोलतात. अतुलबद्दल बोलली, त्याने सायकल शिकवली ते. लोक हसले. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, की माझ्या पाचव्या वाढदिवसाला माझी आई पिवळी साडी नेसून शाळेच्या फाटकाशी उभी होती. वर्गातल्या मुलींनी मला विचारलं, ती राणी आहे का? मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या फाटकाशी थांबल्या राणी बघायला, आणि आई नेव्ही ॲनोरॅक, ते टोपीवालं जाकीट, घालून आली. मी अजून थांबले आहे, म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेत्राने डोळे पुसले. अतुल टेबलक्लॉथकडे बघत होता. मी हसले, हसायलाच लागतं.

दीडशे माणसांसमोर खोटं बोलली. जिच्यासाठी मी साडी सोडली, तिनेच मला उभं करून विचारावं की का सोडलीस? ह्या मायक्रोफोनवाल्या लोकांना सगळं गोड करून सांगायची सवय आहे, आणि माझी मुलगी ती सहा महिन्यांत शिकली.


सोमवार, २६ ऑगस्ट

हॉटेलवर सगळ्यांचा निरोपाचा नाश्ता. सुनेत्रा पारवी साडी नेसून आली. निऱ्या वर-खाली, पदर भलत्याच खांद्यापर्यंत ओढलेला, खाली पांढरे बूट. तिला तो रंग मुळीच शोभत नव्हता, चेहरा उतरून गेला होता. दोन फोटो काढून घेतले माझ्याबरोबर. म्हणाली, "मान दिलाय ना ताई तुम्ही, मग नेसायला नको?"

मी टोस्ट खाल्ला.


रविवार, १ सप्टेंबर

हीथ्रोवर सोडून आलो. मायरा लेगिंग्जमध्ये, अंगावर त्याचा विद्यापीठाचा स्वेटशर्ट. रांगेत उभी असताना मागून बघितलं तर मला ओळखू आली नाही.

नकुल आणि अतुल बॅगा तोलत होते तेव्हा मी विचारून टाकलं. "मायरा, तू त्या दिवशी असं का बोललीस? तूच मला म्हणाली होतीस, साडी घालून येऊ नकोस म्हणून."

"आई, मी नाही म्हटलं."

"तू लहान होतीस. तुला आठवत नाही."

"मला तेवढाच आठवतो." तिचा आवाज चढला नाही. "आय क्राइड. तू काढत होतीस आणि मी तो पकडला होता, साडी. मी खूप वर्ष ऐकलं, तू बाबाला, लोकांना सांगायचीस, मायराला आवडत नाही. मला वाटलं मेबी मी म्हटलंच असेल. मेबी आय वॉज अ हॉरिबल किड." मग म्हणाली, "लेस्टरमध्ये तू परत म्हणालीस ना, म्हणून मी विचार केला, एकदा तरी."

"एकदा तरी काय?"

"काही नाही, आई." गालाला गाल लावला आणि गेली. आत वळताना हात केला तो आम्हा दोघांना मिळून केला.

परतीच्या वाटेवर अतुलला विचारलं, तुला आठवतं ना? गाडी चालवत होता, आरशात बघून लेन बदलली. मग म्हणाला, "मी तर कामावर होतो. तू सांगितलंस तेच मी धरून चाललो."

सगळे मिळून मला खोटं पाडतायत. पण माझ्याकडे पुरावा आहे. तारखेनिशी.


गुरुवार, ५ सप्टेंबर

अतुल बाहेर गेल्यावर शिडी लावून लॉफ्टमध्ये चढले. १९९७ची वही तिसऱ्या खोक्यात होती, लाल पुठ्ठ्याची. तिथेच बसून वाचली. मायराला फोटो काढून पाठवायचा म्हणून फोन वर नेला होता. फोटो काढला नाही. इथे उतरवून ठेवते, माझ्याच अक्षरातून माझ्या अक्षरात.

"बुधवार, १२ नोव्हेंबर १९९७. मायराला पाच पूर्ण. इरकल नेसून पेढे घेऊन गेले. पाऊस थांबला होता. मायरा धावत येऊन निऱ्यांतच शिरली, सोडेना. पोरी भोवती जमल्या, काठाला हात लावून बघत होत्या. मला खूप बरं वाटलं. मग एक लाल केसांची आई म्हणाली, 'यू मस्ट बी फ्रोझन, लव्ह.' गारठली असशील, म्हणे. बाकीच्या हसल्या. कदाचित काळजीने म्हणाली असेल. हसल्या त्या कशाला मग? घरी येईपर्यंत कान तापले होते. आल्या आल्या साडी काढायला लागले तर मायरा पदर धरून रडायला लागली, नको काढू, नको काढू. हात सोडवून घ्यावा लागला. एक चापट दिली. वाढदिवसाच्या दिवशी. संध्याकाळी अतुलने विचारलं, इरकल का काढलीस, छान दिसत होतीस ना सकाळी. मी म्हटलं, तुझ्या लेकीला लाज वाटते. दुसरं काय सांगणार? त्या बाईचं सांगितलं असतं तर म्हणाला असता, एवढ्याशा बोलण्याने काय होतं. साडी उद्या चॅरिटी शॉपमध्ये देऊन टाकते, डोळ्यांसमोर नको."

एवढंच आहे. पुढच्या पानावर ॲनोरॅक आणल्याचं लिहिलं आहे, नेव्ही, सेलमधला.

पाच वर्षांची होती. चापट मारली, आणि वर तिचंच नाव पुढे केलं. मग सत्तावीस वर्षं तिच्यावर उपकार केल्यासारखी वागले. ह्याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही.


शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती बसवला. अतुलने दूर्वा निवडल्या, मी एकवीस मोदक केले, खायला दोघं.

सकाळी पिवळी साडी काढली. पिशवीच्या तळाशी पावती होती, बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानाची, १५ जूनची. नाव मायराचं. ब्लाऊज खरोखर माझ्या मापाचा आहे. माझ्या जुन्या ब्लाऊजपैकी एक जूनपासून सापडत नव्हता, आता कळलं कुठे गेला होता.

नेसले. निऱ्या पहिल्या झटक्यात बसल्या, हात विसरले नाहीत. अतुल स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला. अंगात तो घोड्याचा स्वेटर. म्हणाला, "कुठे निघालीस?" म्हटलं, कुठे नाही, सण आहे. तो डोळ्यांना काहीतरी झालं म्हणून तोंड धुवायला गेला.

मायराचा फोन दुपारी तीनला येणार होता, तिथल्या सकाळी, आरतीला. मनात सगळं मांडून ठेवलं होतं. आधी साडी दिसू द्यायची, मग वहीचं सांगायचं, मग चापटीचं. तीन वाजता फोन वाजला आणि माझे हात आपोआप खुंटीकडे गेले. कार्डिगन घातलं. वरपर्यंत बटणं लावली, पदर आत खोचला, आणि मग फोन उचलला.

मायरा पडद्यावर होती, मागे मोठी खिडकी आणि पिवळंजर्द ऊन. अंगात कुठल्यातरी चमकत्या रंगाचा कुर्ता. गणपती दाखवला, अतुलने आरती म्हटली, तिने तिकडून टाळ्या वाजवल्या. मग ती पडद्याजवळ आली आणि माझ्या गळ्याशी बघायला लागली. तिथे काही दिसत होतं की नाही, मला माहीत नाही.

"आई, कार्डिगन का घातला?" म्हणाली. "थंडी वाजतो का तुला?"

म्हटलं, "हो गं. इकडे गारठा पडलाय."